रास्त भाव कोणाच्या पदरात? वर्धा जिल्ह्यातील कापूस, सूत आणि कातडे यांचा एक हिशेब

'रास्त व्यापार' हा शब्द अलीकडे शहरातील सुशिक्षित ग्राहकांच्या तोंडी वारंवार येऊ लागला आहे. वस्तू विकत घेताना ती कोणी तयार केली, करणाऱ्याला पोटापुरता मोबदला मिळाला काय, त्या कामात लहान मुले जुंपली गेली नाहीत ना, जमिनीची आणि पाण्याची नासाडी झाली नाही ना, ह्याची चौकशी करावी आणि तशी खात्री देणाऱ्या मालाला दोन पैसे अधिक मोजावेत, असा ह्या विचाराचा गाभा आहे. विचार चांगला आहे. त्याची टवाळी करण्याचे कारण नाही. परंतु हा विचार युरोपातून काल-परवा इकडे आला, अशी जी समजूत आहे, ती निदान वर्धा जिल्ह्यातील माणसाला पटण्यासारखी नाही. मजुरीचा किमान दर ठरवायचा, तो दर देणाऱ्यालाच प्रमाणपत्र द्यायचे आणि ग्राहकाला प्रमाणित मालच घ्यायला सांगायचे, हा सगळा खटाटोप १९३५ साली वर्ध्यात बसलेल्या माणसांनी करून पाहिला होता. आणि त्या प्रयोगात जे राहून गेले, तेही ह्याच मुलखातील आमच्या माणसांनी त्याच काळात बोलून आणि करून दाखवले होते.

मी ह्याच जिल्ह्यात शिक्षक आहे. माझी आजी जिनामध्ये रुई निवडण्याच्या कामाला जात असे. पुढे आमच्या घरातील बायका परक्याच्या वावरात कापूस वेचायला जात राहिल्या. त्यामुळे कापसाचा इतिहास मला जसा पुस्तकांतून मिळाला तसाच घरातल्या बोलण्यातूनही मिळाला. त्या आधारावर मला येथे एवढेच मांडायचे आहे की, कोणताही भाव रास्त आहे की नाही हे ठरवण्यासाठी तीन प्रश्न विचारावे लागतात. काम करणाऱ्याला किती मिळाले? ते काम नाकारण्याची त्याला मुभा आहे काय? आणि हिशेबाची वही कोणाच्या हातात आहे? पहिला प्रश्न सज्जनांना सुचतो. दुसरा आणि तिसरा सुचण्यासाठी ते काम पिढ्यान्‌पिढ्या ज्यांच्या कपाळी मारले गेले त्यांच्या बाजूने पाहावे लागते.

एक

आरंभ कापसापासूनच केला पाहिजे, कारण वर्ध्याच्या खोऱ्याचे नाव जगाच्या बाजारात कापसामुळे गेले. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील संस्थानांतून, म्हणजे निग्रो गुलामांच्या श्रमातून येणारा कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला. तेव्हा इंग्रज व्यापाऱ्यांची नजर वऱ्हाड आणि वर्ध्याच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीवर पडली. हिंगणघाटचा कापूस हिंदुस्थानी कापसांत उत्तम समजला जाई. लिव्हरपूलच्या बाजारात गावाच्याच नावाने तो ओळखला जाऊ लागला.

येथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. गुलामांच्या श्रमाचा माल घ्यायचा नाही, ही चळवळ त्या काळात जगाला नवी नव्हती. इंग्लंडमध्ये १७९१ च्या सुमारास हजारो कुटुंबांनी गुलामांनी पिकवलेली साखर घरात आणणे बंद केले होते. अमेरिकेत १८३० च्या आगेमागे क्वेकर मंडळींनी आणि स्वतंत्र झालेल्या काळ्या नागरिकांनी गुलामांच्या कापसाचे कापड वापरायचे नाही असा निर्धार करून वेगळी दुकाने चालवली. १८६२ च्या डिसेंबरात, कापूस नाही म्हणून चुली थंडावलेल्या असतानाही, मँचेस्टरच्या कामगारांनी सभा भरवून लिंकनला पाठिंब्याचे पत्र धाडले. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले, ते ह्याच जागतिक घडामोडीचे भान ठेवून.

परंतु गुलामांचा कापूस नको म्हणणाऱ्या जगाने, त्या जागी वर्ध्याचा जो कापूस घेतला, तो कोण वेचते, हे विचारले काय? नाही विचारले. उलट ह्या भागाचा कापूस कमिशनर रिव्हेट-कार्नॅक ह्याने त्या वेळच्या आपल्या लिखाणात उघडच आशा व्यक्त केली होती की, आगगाडीचा फाटा इकडे आला की विलायती कापड देशी कापडापेक्षा स्वस्त विकता येईल, सूत कातणारी व कापड विणणारी माणसे मोकळी होतील आणि ती शेतमजुरीला मिळतील. म्हणजे कापूसही अधिक येईल, गिऱ्हाईकही मिळेल आणि मजूरही मिळेल. तसेच झाले. १८६७ साली आगगाडी वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. पुढच्या दशकात हिंगणघाटला फाटा गेला. गाठी बाहेर जाऊ लागल्या आणि कापडाचे तागे आत येऊ लागले.

ही विणणारी माणसे कोण होती? नागपूर-वर्ध्याच्या पट्ट्यात रेशीमकाठी, तलम कापड कोष्टी विणत आणि हातकताईच्या सुताचे जाडेभरडे कापड महार विणत. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्यप्रांतातील जातींच्या ग्रंथातही महारांच्या धंद्यांत ह्या विणकामाची नोंद आहे. महार म्हणजे केवळ वेसकर, केवळ गावकीचा चाकर, अशी जी प्रतिमा शाळेच्या पुस्तकांतून उभी केली जाते, ती विदर्भापुरती तरी अपुरी आहे. आमच्या हातात माग होता. बाजाराने आणि साम्राज्याने मिळून तो काढून घेतला आणि आम्हाला मालगुजाराच्या वावरात उभे केले. १८७७ साली नागपुरात टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, पुढे हिंगणघाटला आणि पुलगावला गिरण्या निघाल्या, तेव्हा काही माणसे गिरणीत शिरली. परंतु मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणखात्यात प्रवेश नव्हता, कारण तुटलेला धागा थुंकी लावून जोडावा लागे आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर रोखठोकपणे ठेवला. ज्यांच्या वाडवडिलांचा धंदाच विणकामाचा, त्यांनाच विणखात्याचे दार बंद! बाजार जात मोडतो असे म्हणणाऱ्यांनी हा दाखला विसरू नये.

दोन

अशा ह्या जिल्ह्यात १९३४ च्या सुमारास गांधीजी येऊन राहिले. जमनालाल बजाज यांनी दिलेल्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे ठाणे पडले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे चिटणीस झाले. चरखा संघ १९२५ पासून होताच. खादी खपत होती, परंतु कातणाऱ्या बाईला मिळत काय होते? तासाला जेमतेम पैसाभर. आठ तास कातले तर दोन आणे. खादी स्वस्त पडावी म्हणून ज्या बाईच्या नावाने खादी मागायची, तिचीच मजुरी दाबलेली. देशभक्त ग्राहकाच्या अंगावरचा सदरा तिच्या उपासावर उभा होता.

१९३५ साली गांधीजींनी हा प्रश्न काढला. तासाला एक आणा, म्हणजे आठ तासांना आठ आणे मिळाले पाहिजेत, पुरुष-बाई असा भेद नको, असे त्यांचे म्हणणे होते. सहकाऱ्यांना धडकी भरली. खादी महागेल, खप बसेल, ज्यांना आज दोन आणे मिळतात त्यांना तेही मिळणार नाहीत, असा युक्तिवाद झाला. रास्त मजुरीच्या विरोधात हाच युक्तिवाद आजही जगात सर्वत्र होतो, हे वाचकांच्या ध्यानात येईल. अखेरीस चरखा संघाने असा ठराव केला की, कुशल कामाच्या आठ तासांना माणसाच्या अन्नवस्त्राची शास्त्रीय गरज भागेल इतकी मजुरी हे मोजमाप धरावे. आठ आणे पदरात पडले नाहीत. महाराष्ट्रात आठ तासांना तीन आणे हा दर धरून सुरुवात झाली. विनोबा तेव्हा वर्ध्याजवळ नालवाडीत राहत. ते स्वतः तासन्‌तास कातून त्या कमाईत जगून पाहत होते. मजुरीचा दर ठरवण्यापूर्वी त्या मजुरीत राहून पाहावे, ही गोष्ट आजच्या कोणत्या वेतन मंडळाला सुचेल?

ह्याच्या जोडीला प्रमाणपत्राची पद्धत कडक झाली. जो विक्रेता किंवा उत्पादक ठरलेली मजुरी देईल त्याचीच खादी प्रमाणित. बाकीची खादी हाताने कातलेली, हाताने विणलेली असली तरी ती घेऊ नये, कारण तिच्यात कातणारीचे पोट मारलेले आहे. हॉलंडमध्ये कॉफीवर रास्त व्यापाराची पहिली मोहोर उठली ती १९८८ साली. मजुरीच्या अटीवर उभी असलेली वर्ध्याची ही मोहोर तिच्या अर्धशतक आधीची आहे. तिचे श्रेय तिच्या कर्त्यांना द्यावे. आपल्या नियतकालिकांतून गांधीवादावर जी टीका होते ती योग्यच आहे, परंतु ज्या गोष्टीत मजुराचे दोन आण्यांचे तीन आणे झाले ती गोष्ट नाकारून आपली टीका बळकट होत नाही.

कुमारप्पांनी ह्या व्यवहाराला विचाराची बैठक दिली. १९३६ साली आलेल्या त्यांच्या ग्रामोद्योगविषयक पुस्तकात खरेदीदाराच्या जबाबदारीचा विचार आहे. त्याचा आशय असा की, वस्तू विकत घेणारा तिच्या उत्पादनातील पापपुण्याचाही वाटेकरी होतो. चोरीचा माल घेणारा जसा निर्दोष ठरत नाही, तसाच पिळवणुकीचा माल घेणाराही ठरत नाही. म्हणून जेथवर आपली नजर पोहोचते आणि चौकशी करता येते तेथवरचाच माल घ्यावा. मगनवाडीत ३० डिसेंबर १९३८ रोजी उघडलेले मगन संग्रहालय ह्याच विचाराचे दृश्य रूप होते. चरखे, घाणे, हातकागदाची साधने तेथे ठेवली गेली, ती ग्राहकाला वस्तूमागचे श्रम दिसावेत म्हणून. ते संग्रहालय वर्ध्यात आजही आहे. विद्यार्थ्यांनी ते अवश्य पाहावे.

तीन

मग ह्या प्रयोगात उणे काय होते? पहिले उणे ग्राहकाच्या बाजूचे आहे. जाडेभरडे वापरा, गरजा कमी करा, जवळचे घ्या, हा उपदेश ज्याच्या पेटीत तलम धोतरे होती त्याच्यासाठी त्याग होता. आमच्यासाठी जाडेभरडे ही सक्ती होती. नवे, स्वच्छ, अंगभर लुगडे नेसलेल्या अस्पृश्य बाईला पाहून ज्या गावात डोळे वटारले जात, त्या गावात साधेपणाचा उपदेश कोणाला आणि कशासाठी? १९२७ च्या डिसेंबरात महाड येथे बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले ते नेमके उलट होते. जातीची खूण पटवणारे दागिने टाका, लुगडे नीट नेसा, स्वच्छ राहा. उपभोगाची जबाबदारी म्हणतात ती हीसुद्धा आहे. शतकानुशतके ज्याला उपभोगच नाकारला, त्याने चांगले कापड अंगावर घालणे हे त्याच्या मुक्तीचे पाऊल असते. यंत्रामुळे माणसाला सवड मिळते आणि सवडीशिवाय संस्कृती नाही, हे बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस-गांधींवरील ग्रंथात का मांडले, ते ह्या पार्श्वभूमीवर समजते.

दुसरे उणे अधिक खोल आहे आणि ते कातड्याच्या धंद्यात दिसते. नालवाडी ही वर्ध्याला लागून असलेली मुख्यतः अस्पृश्यांची वस्ती. तेथे गोपाळराव वाळुंजकर यांनी चर्मालय चालवले. आपल्या मरणाने मेलेल्या गुरांचे कातडे कमावून त्याच्या चपला करायच्या आणि त्या 'अहिंसक' चपला म्हणून विकायच्या, अशी ती योजना होती. वाळुंजकर ब्राह्मण असून ह्या कामात स्वतः उतरले, हे प्रामाणिकपणाचे होते. कातडे वाया जाऊ नये, हाडांचे खत व्हावे, कमावण्याची रीत सुधारावी आणि त्यातून कारागिराला चार पैसे मिळावेत, असा सगळा हिशेब होता. आजच्या भाषेत बोलायचे तर पर्यावरणाला पोषक, स्थानिक आणि रास्त असा तो माल होता.

पण त्याच काळात आमच्या वस्त्यांत काय चालले होते? मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेली गुरे ओढण्याचे सोडा, मृतमांस टाका असे आवाहन केले होते आणि त्याचा प्रतिध्वनी नागपूर-वर्ध्यापर्यंत आला होता. गावोगाव महारांनी हे काम नाकारले. त्यापायी बहिष्कार सोसला, मजुरी गेली, मारही खाल्ला. हे काम सोडल्याने महारांचे केवढे आर्थिक नुकसान होते, ह्याचा हिशेब तेव्हा सवर्ण वर्तमानपत्रांतून मांडला गेला. कातडे, शिंगे, हाडे, मांस मिळून पाचशे रुपयांचे उत्पन्न बुडते म्हणे! १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी ह्या हिशेबाची आठवण काढली आणि आपण दिलेले उत्तरही सांगितले. एवढा फायदा आहे तर ते काम तुम्ही करा, तो फायदा तुम्ही घ्या, वर पाचशे रुपये मी देतो, असा त्या उत्तराचा आशय होता.

रास्त व्यापाराच्या सगळ्या शास्त्राला ह्या एका उत्तराने जो प्रश्न घातला आहे, तो अजून अनुत्तरित आहे. भाव वाढवून दिला म्हणजे काम रास्त होत नाही. ते काम जन्माने कोणाच्या गळ्यात अडकवले आहे काय, आणि त्याने 'नाही' म्हटले तर गाव त्याला जगू देते काय, हे आधी पाहावे लागते. 'परंपरागत कारागिरी', 'पिढीजात कौशल्य' असे शब्द मालाच्या चिठ्ठीवर छापले की ग्राहकाचे मन भरून येते. आमच्या मुलखात पिढीजात ह्या शब्दाचा अर्थ पुष्कळदा एवढाच होता की, बापाला सुटका नव्हती आणि मुलालाही नाही. ज्या चांभाराचा मुलगा शिकून शिक्षक होऊ शकतो आणि तरीही राजीखुशीने चपलांचा कारखाना काढतो, त्याच्या चपलेला मी अभिमानाने जादा पैसे देईन. ज्याला दुसरी वाटच नाही, त्याच्या चपलेला जादा पैसे देऊन मी त्याची साखळी थोडी चकचकीत करतो, एवढेच.

चार

तिसऱ्या प्रश्नाकडे, म्हणजे हिशेबाच्या वहीकडे, आता वळतो. चरखा संघाने मजुरी वाढवली, परंतु ती किती वाढवायची, कातणारीने कोणते कापड वापरायचे, कोणाला प्रमाणपत्र द्यायचे, हे ठरवणाऱ्या बैठकीत कातणारी बाई बसलेली नव्हती. वाढीव मजुरी हवी तर तिने खादीच नेसली पाहिजे, अशी अट तिच्यावर होती. पुढे १९४५ पासून ग्राहकावरही अट आली की, खादीच्या किमतीचा काही भाग त्याने स्वतः कातलेल्या सुताच्या रूपाने द्यावा. त्यामागील हेतू उदात्त होता. तरीही देणारा एक आणि घेणारा दुसरा ही घडी तशीच राहिली. विश्वस्त कितीही सज्जन असला, तरी त्याची वही त्याच्याच पेटीत राहते.

ह्याच्या शेजारी एक दुसरे चित्र ठेवावे. वर्ध्याहून फार लांब नाही, कामठी आणि नागपुरात, बाबू हरदास एल. एन. हे आमचे तरुण कार्यकर्ते विडी मजुरांत काम करत होते. 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द रूढ करण्याचे श्रेय ज्यांना दिले जाते तेच हे हरदास. विडी वळणारी माणसे बहुतांशी अस्पृश्य आणि गरीब. ठेकेदार तेंदूपत्ता आणि तंबाखू तोलून देई, विड्या मोजून घेताना चांगल्यातल्या चांगल्या विड्या छाटात काढी, आणि मजुरी कापी. हरदासांनी विडी मजुरांचा संघ उभारण्यात पुढाकार घेतला आणि ठेकेदाराला वगळून सहकारी पद्धतीने विडीचे काम नागपूर, कामठी, रामटेक अशा ठिकाणी सुरू केले. १९३७ साली ते प्रांतिक कायदेमंडळावर निवडून गेले. १२ जानेवारी १९३९ रोजी, अगदी ऐन उमेदीत, त्यांचे निधन झाले. त्यांच्या ह्या सहकारी प्रयत्नाचा इतिहास कोणी नीट लिहिलेला नाही. खादीच्या इतिहासावर कपाटे भरली आहेत. ह्याचे कारण विद्यार्थ्यांनी स्वतःशीच शोधावे.

मला ह्या दोन प्रयत्नांत श्रेष्ठ-कनिष्ठ लावायचे नाही. फरक दाखवायचा आहे. चरखा संघात ग्राहकाच्या सदसद्विवेकाला आवाहन होते. हरदासांच्या कामात ग्राहकाला कोणतेही आवाहन नव्हते. मजुरांनी स्वतः एकत्र यावे, मधला ठेकेदार काढावा आणि आपली वही आपण लिहावी, एवढेच होते. पहिल्या मार्गाने करुणा जागी होते, दुसऱ्या मार्गाने हक्क उभा राहतो.

आणि बाबासाहेबांनी ह्या हक्काला पुढे कायद्याचे रूप दिले. मध्यवर्ती सरकारचे मजूरमंत्री असताना एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचे विधेयक मांडले. त्यातून १९४८ चा कायदा झाला. घटनेच्या ४३ व्या कलमात जीवनवेतन आणि ग्रामीण भागातील कुटिरोद्योग ह्या दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत. कुटिरोद्योगाचा उल्लेख घटना समितीत आलेल्या दुरुस्तीने झाला. वर्ध्याचे दोन्ही वाद, भावाचा आणि हक्काचा, त्या एका कलमात येऊन भेटले आहेत असे मला वाटते. आणि २३ व्या कलमाने वेठबिगार बंद केली. 'नाही' म्हणण्याचा हक्क तेथे आहे. हे कलम बाजूला ठेवून ४३ वे वाचले, तर हातात फक्त दया उरते.

पाच

आता आजच्या रास्त व्यापाराकडे पाहू. त्याची मांडणी सोपी आहे. लहान उत्पादकांनी संघटना करावी. बाजार पडला तरी ठरलेल्या किमान भावाखाली त्यांचा माल घेतला जाणार नाही. त्याशिवाय एक जादा रक्कम संघटनेला मिळेल आणि ती कशावर खर्च करायची हे सभासदांनी सभेत ठरवायचे. हॉलंडमधील पहिल्या मोहोरेमागे मेक्सिकोतील आदिवासी कॉफी उत्पादकांची सहकारी संघटना होती. तिचे म्हणणे मदत नको, भाव द्या असे होते. म्हणजे तेथेही आरंभ उत्पादकाच्या संघटनेपासून झाला, हे विसरता कामा नये. २००५ च्या सुमारास ही मोहोर कापसावर आली, आणि विदर्भ, तेलंगण, ओडिशा ह्या भागांतील काही कोरडवाहू कास्तकारांच्या संघटना तिच्यात सामील झाल्या.

ह्याची गरज आहेच. विदर्भातील कापूस उत्पादकाची काय दशा झाली हे सांगण्याची आवश्यकता नाही. महाराष्ट्राची कापूस एकाधिकार खरेदी योजना १९७२ साली सुरू झाली. ती काही काळ आधार ठरली, पण चुकारे थकत गेले आणि नव्या शतकाच्या आरंभी एकाधिकार संपला. २००६ साली पंतप्रधानांनी आत्महत्याग्रस्त म्हणून ज्या सहा जिल्ह्यांना विशेष मदत जाहीर केली त्यांत वर्धा होता. एक क्विंटल कापसातून जिनात साधारण पस्तीस किलो रुई निघते, बाकी सरकी. रुईचा भाव न्यूयॉर्क आणि लिव्हरपूलच्या आकड्यांवर हलतो. कास्तकाराने फवारणी, बियाणे, खत उधारीवर आणलेले असते. त्याला किमान भावाची हमी मिळाली तर त्याचा जीव वाचू शकतो. हे मी मान्य करतो.

परंतु वावरात उभी असलेली दुसरी व्यक्ती कोठे आहे? कापूस वेचणारी बाई किलोच्या हिशेबाने मजुरी घेते. पहाटे दवात निघते, कमरेला ओटी बांधते, बोंडाच्या कात्र्यांनी बोटे सोलवटतात, संध्याकाळी तराजूसमोर रांगेत उभी राहते. तिच्या नावावर जमीन नाही. म्हणून ती 'लहान उत्पादक' नाही, संघटनेची सभासद नाही, आणि जादा रकमेचे काय करायचे ह्या सभेत तिला मत नाही. एका उत्पादन केंद्रात मी ह्याची चौकशी केली तेव्हा, वेचाई हा शेतकऱ्याचा खाजगी प्रश्न आहे, तो आमच्या कक्षेत येत नाही, असे मला सांगण्यात आले. उत्तर सभ्य होते. मला मात्र १९३५ च्या आधीची खादी आठवली. त्या वेळी कातणारी कक्षेच्या बाहेर होती, आज वेचणारी आहे.

हा प्रश्न अखेर जमिनीचा आहे. ज्या जिल्ह्यातून, पवनारच्या आश्रमातून, विनोबा १९५१ साली तेलंगणाकडे गेले आणि पोचमपल्लीच्या हरिजनांनी त्यांच्याकडे मागितली ती जमीनच होती. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, तेही जमिनीसाठीच. जमीन नसलेल्याला बाजार 'उत्पादक' म्हणून ओळखतच नाही. तेव्हा जमिनीचा प्रश्न बाजूला सारून रास्त व्यापाराची चर्चा करणे म्हणजे मळणी न करता धान्य वाटायला बसणे होय.

सहा

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी ह्यातून काय घ्यावे? माझ्या मते रास्त व्यापाराला विरोध करू नये. त्यात शिरावे आणि त्याला वर दिलेले तीन प्रश्न विचारावेत. चिठ्ठी लावलेला सदरा घेताना कास्तकाराला किती मिळाले, ह्यासोबत वेचणारीला, जिनातील हमालाला आणि विणकराला किती मिळाले हे विचारावे. जेथे अशा संघटना आहेत तेथे वेचणाऱ्या बायकांना मताधिकारासह सभासद करून घेण्याची मागणी करावी. जादा रकमेतून विहीर होते, रस्ता होतो. त्यातून वेचणाऱ्यांच्या मुलींचे वसतिगृह का होऊ नये? शाळेत मुलांना एका सदऱ्याचा हिशेब मांडायला लावावा: बोंडापासून दुकानापर्यंत कोणकोणाचे हात लागले, कोणाला किती मिळाले, आणि त्या प्रत्येक टप्प्यावर कोणत्या जातीची माणसे आढळतात. मी हे माझ्या वर्गात करतो. शेवटचा रकाना भरताना मुले आपोआप गप्प होतात आणि मग खरे प्रश्न विचारू लागतात.

आणि आपण स्वतः ग्राहक झालो आहोत, हेही मान्य केले पाहिजे. आपल्यातील शिकलेल्या, नोकरीतल्या वर्गाच्या हाती आज चार पैसे आले आहेत. चांगले कापड घालण्याचा आपला हक्क बाबासाहेबांनी लढून मिळवला आहे आणि तो कोणाच्या उपदेशासाठी सोडण्याचे कारण नाही. परंतु आपल्या अंगावरच्या त्या कापडात आपल्याच एखाद्या आईबहिणीची कापलेली मजुरी विणलेली असेल, तर ते चालवून घेता येणार नाही. बचत गट, सहकारी सोसायट्या, वस्तीतील बायकांचे शिवणकाम, ह्यांचा माल आपण आधी घ्यावा. तो घेताना उपकाराची भावना नसावी, घासाघीसही नसावी, आणि त्यांची वही त्यांनीच लिहावी असा आग्रह असावा.

१९३५ साली ठरलेले ते तीन आणे महत्त्वाचे होते. ते काम नाकारणाऱ्या महारांचा नकार त्याहून महत्त्वाचा होता. विडी मजुरांची वही ह्या दोहोंना जोडणारा दुवा होती, आणि तो दुवा अकाली तुटला. तो पुन्हा जोडण्याचे काम वेचणीच्या हंगामात, तराजूच्या शेजारी उभे राहून करावे लागेल. ह्या हंगामात आपल्या गावात वेचाईचा दर कोण ठरवते आणि तो ठरवताना कोण हजर असते, एवढी एक नोंद प्रत्येक कार्यकर्त्याने केली, तरी सुरुवात झाली असे मी समजेन.